डॉ. लिव्हिंग्स्टन आणि आफ्रिकेचे लोहार

डॉ. डेव्हिड लिव्हिंग्स्टन ह्यांचे नाव ऐकले नाही असा वाचक आमच्या खेडोपाडीच्या मंडळ्यांत क्वचितच सापडेल. सिंहाने त्यांचा दंड फोडला ही गोष्ट शब्बाथशाळेतल्या मुलांसही तोंडपाठ असते. आज आम्ही त्याच पुरुषाचे चरित्र सांगणार आहो, परंतु थोड्या निराळ्या वाटेने. ह्या वाटेवर जागोजागी लोखंड पडलेले आहे: कुदळी, भाले, कुऱ्हाडी, आणि गुलामांच्या गळ्यावर ठोकलेल्या सळ्याही. आफ्रिकेतील लोकांस गोरे लोक जाण्यापूर्वी काही कारागिरी येतच नव्हती, अशी समजूत पुष्कळ शिकलेल्या माणसांच्याही मनात घट्ट बसलेली आहे. ती खरी नाही, हे ज्यांनी समक्ष पाहून लिहून ठेवले, त्यांत लिव्हिंग्स्टनसाहेबांची गणना प्रथम केली पाहिजे. आणि त्यांस ते दिसले ह्याचे एक कारण असे की, ते स्वतः हाताने काम करणारे होते.

स्कॉटलंडातील ब्लँटायर गावी १९ मार्च १८१३ रोजी त्यांचा जन्म झाला. घरी गरिबी होती. दहाव्या वर्षी ते कापसाच्या गिरणीत तुटलेले धागे सांधण्याच्या कामावर लागले, आणि पहिल्या मजुरीतून त्यांनी लॅटिन व्याकरणाचे पुस्तक विकत घेतले. पुढे ग्लासगो येथे वैद्यकीचे शिक्षण घेऊन, लंडन मिशनरी सोसायटीच्या वतीने ते डिसेंबर १८४० मध्ये आफ्रिकेस निघाले व १८४१ च्या जुलैअखेर कुरुमान येथे पोहोचले. तेथे रॉबर्ट मॉफट हे वडील मिशनरी होते. मॉफटसाहेब मूळचे माळी. परंतु त्या ओसाड मुलखात त्यांस सुतार, गवंडी व लोहार हे सर्व काही व्हावे लागले होते. त्यांच्याच कन्येशी, मेरी मॉफट हिच्याशी, लिव्हिंग्स्टनसाहेबांचे जानेवारी १८४५ मध्ये लग्न झाले. सासऱ्याने जावयास जे दिले त्यात सुतारकाम, बागकाम आणि लोखंडास लोखंड जोडण्याची विद्या ही मुख्य होती. ज्याने भाता चालवून पाहिला आहे, त्यास दुसऱ्याच्या भट्टीची किंमत कळते.

सिंहाची गोष्ट लग्नाच्या आधीची, १८४४ सालची. माबोत्सा येथे सिंह गुरे मारू लागले, तेव्हा गावकऱ्यांनी भाले घेऊन टेकडीस वेढा दिला; पण सिंह अंगावर येताच वेढा फुटला. लिव्हिंग्स्टनसाहेबांनी गोळ्या झाडल्या, त्या लागल्याही. तथापि दुसऱ्यांदा बंदूक भरत असता सिंहाने झेप घालून त्यांच्या डाव्या दंडाचे हाड फोडले. मेबाल्वे नावाच्या देशी शिक्षकाने बंदूक रोखली, तेव्हा सिंह त्यांस सोडून मेबाल्वेवर गेला. त्या वेळी तिसरा एक मनुष्य भाला घेऊन पुढे झाला. ह्यास पूर्वी रानरेड्याने उडविले असता लिव्हिंग्स्टनसाहेबांनी वाचविले होते. सिंहाने त्याचाही खांदा धरला, आणि मग आधी लागलेल्या गोळ्यांनी तो पडला. भाल्याने सिंह मेला नाही हे खरे. पण गोष्ट सांगताना त्या भालेवाल्यास लोक विसरतात, म्हणून आम्ही मुद्दाम त्याची आठवण देत आहो.

पुढे कोलोबेंग येथे बाक्वेना लोकांचा राजा सेचेले ह्याच्याजवळ त्यांनी घर बांधले. सेचेलेचा १८४८ साली बाप्तिस्मा झाला. त्या सुमारास ट्रान्सवालचे बोअर लोक आसपासच्या जातींकडून वेठीने काम करून घेत, आणि काळ्या लोकांच्या हाती बंदुका पोहोचणे त्यांस मुळीच खपत नसे. बाक्वेनांजवळ फार तर पाच बंदुका होत्या. अफवेने त्यांच्या पाचशे केल्या. मिशनऱ्याने राजास वापरावयास दिलेले लोखंडाचे एक काळे स्वयंपाकाचे भांडे होते. त्याची तोफ झाली! १८५२ साली बोअरांनी सेचेलेच्या लोकांवर हल्ला करून पुष्कळांस मारले, मुलांस धरून नेले आणि कोलोबेंगचे घर लुटले. पुस्तके फाडली, औषधांच्या बाटल्या फोडल्या. लिव्हिंग्स्टनसाहेबांच्या गाडीचे चाक मोडल्यामुळे ते कुरुमानला अडकून पडले होते, म्हणून त्या दिवशी वाचले.

घर गेले, तेव्हा त्यांनी उत्तरेकडे तोंड केले. झांबेझी नदीच्या वरच्या अंगास मकोलोलो लोकांचे राज्य होते व लिन्यांती येथे सेकेलेटू नावाचा तरुण राजा होता. तेथून नोव्हेंबर १८५३ मध्ये २७ माणसे घेऊन ते पश्चिमेस निघाले, आणि ३१ मे १८५४ रोजी अटलांटिक समुद्रावरील लुआंडा येथे पोहोचले. तेथे त्यांस इंग्लंडास जाता आले असते. परंतु बरोबरच्या माणसांस घरी पोहोचविण्याचे वचन दिले होते म्हणून ते परत फिरले, लिन्यांतीस आले, आणि नोव्हेंबर १८५५ मध्ये पूर्वेकडे निघाले. निघताना सेकेलेटूने काय दिले ते पाहा: बैल दिले, लोणी व मध दिला, आणि धबधब्याखाली नदी पुन्हा लागेल तेथे होडी विकत घेण्यासाठी मणी व कुदळी दिल्या.

होडी विकत घ्यावयास कुदळी! वाचकांस हे चमत्कारिक वाटेल, म्हणून येथे थोडे थांबले पाहिजे.

आफ्रिकेची कुदळ आपल्याकडील कुदळीसारखी चिंचोळी नसते. पिंपळाच्या पानाप्रमाणे रुंद पाते आणि मागे निमुळते शेपूट. ते शेपूट लाकडी दांड्याच्या जाड गाठीतून आरपार ठोकून बसवितात. त्या देशाच्या मोठ्या भागात त्सेत्से नावाची माशी आहे. तिच्या दंशाने बैल व घोडे मरतात. बैल नाही म्हणून नांगर नाही, आणि नांगर नाही म्हणून सर्व शेती कुदळीवर. म्हणजे कुदळ ज्याच्या घरी नाही त्याच्या घरी भाकर नाही. अशी वस्तू सर्वांस हवी असते, ती कुजत नाही, खोटी बनविता येत नाही, झिजली तर लोहार तिचे दुसरे काही करून देतो. मग तिचे नाणे का होऊ नये? नावाड्याचे भाडे, वाटेतला कर, राजाची खंडणी, नवऱ्या मुलीचे देज, हे कुदळींत मोजले जाई. आजच्या झिंबाब्वेत न्जांजा नावाच्या लोहारांच्या कुदळी अशा देजासाठी दूरवर जात. पश्चिम आफ्रिकेत गिनी, सिएरा लिओन व लायबेरिया ह्या भागांत किस्सी लोकांची पिळलेली लांब लोखंडी सळई नाणे म्हणून चाले; ती मोडली तर तिचा आत्मा गेला असे मानीत, आणि लोहाराने विधी करून ती जोडल्यावाचून कोणी घेत नसे. कटांगा प्रांतात तांबे ओतून क्रूसाच्या आकाराचे तुकडे पाडीत. ते क्रूस ख्रिस्ती धर्म तेथे जाण्याच्या कित्येक शतके आधीचे आहेत, तेव्हा कोणी उपदेशकाने त्यांवरून भलताच अर्थ काढू नये. काँगोतील सांगा येथील जुन्या कबरींत असे क्रूस मेलेल्यांजवळ ठेवलेले सापडले. झांबेझीच्या खोऱ्यात इंगोंबे इलेडे येथे १९६० साली खोदकामात ज्या कबरी निघाल्या, त्या पंधराव्या शतकातील समजतात. त्यांत तांब्याचे क्रूस, लोखंडी कुदळी, लोखंडी घंटा आणि तार ओढण्याची हत्यारेही होती. लिव्हिंग्स्टनसाहेब ज्या प्रदेशातून चालत गेले, त्याच प्रदेशात ही ठेव जमिनीखाली निजलेली होती आणि त्यांस तिची वार्ता नव्हती.

वरच्या झांबेझीवर बान्येती नावाचे लोक त्यांनी पाहिले. हे मकोलोलोंचे मांडलिक. युद्धात दुबळे, पण हातांत विलक्षण कसब. खाणीतली माती भाजून लोखंड काढावे, आणि त्याच्या कुदळी, भाले, सुऱ्या, सुया, गुरांच्या गळ्यातील घंटा कराव्या, तसेच उत्तम होड्या कोराव्या, हा त्यांचा धंदा. ह्याच वस्तू ते खंडणी म्हणून भरीत.

नोव्हेंबर १८५५ मध्ये त्यांनी तो प्रचंड धबधबा पाहिला, ज्यास त्यांनी राणी व्हिक्टोरियाचे नाव दिले. मे १८५६ मध्ये ते पूर्व समुद्रावर क्वेलिमाने येथे पोहोचले. एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत आफ्रिका ओलांडून आपल्या प्रवासाचे टिपण ठेवणारा हा पहिला युरोपियन म्हणून इंग्लंडात त्यांचा मोठा सत्कार झाला. परंतु आमचे लक्ष त्यांच्या पेटाऱ्यातील दोन-चार वस्तूंकडे आहे. झांबेझीकाठच्या कुदळी व भाल्याचे पाते त्यांनी बरोबर आणले होते, आणि ते बर्मिंगहॅमच्या लोखंडवाल्यांस दाखविले. ते लोखंड स्वीडनच्या लोखंडासारखे आहे, तापवून पाण्यात बुडविले असता पोलादासारखे होते, असे तेथल्या जाणत्या कारागिराने सांगितले. त्याच कारागिराने दोषही दाखविला: थंड असता ते ठिसूळ आहे, ठोकण्यात सारखेपणा नाही, बंदुकीस ते चालणार नाही, मात्र भाल्याचे पाते वाकवून पुन्हा सरळ केले तरी त्यास इजा झाली नाही. लिव्हिंग्स्टनसाहेबांनी स्तुती छापली तशी ही निंदाही आपल्या पुस्तकात छापली, हे आम्हास त्यांच्या प्रामाणिकपणाचे लक्षण वाटते. असे असूनही त्यांच्या एका मित्राने आफ्रिकेच्या लोखंडाची एन्फील्ड बंदूक करविलीच. ज्या कुदळीने भाकर पिकवावयाची, तिची चांगली परीक्षा म्हणजे तिची बंदूक करून पाहणे, ही कल्पना त्या काळी कोणास विचित्र वाटली नाही. आम्हास वाटते.

१८५८ साली सरकारी मोहिमेचे पुढारी होऊन ते पुन्हा झांबेझीवर आले. आता मिशनरी सोसायटीचा संबंध सुटला होता. बरोबर मा रॉबर्ट नावाची लहान आगबोट होती. तिचे पत्रे नव्या तऱ्हेच्या पोलादाचे, जाडी इंचाचा सोळावा हिस्सा. ह्या विलायती पोलादास लवकरच गंज चढून भोके पडली. भोके बुजवावी तो दुसरी पडत. आणि १८६० च्या डिसेंबरात ती बोट वाळूवर बसून बुडाली. इकडे शिरे नदीवरच्या डोंगराळ मुलखातले लोक इंग्रजी लोखंडास सडके म्हणत आणि आपलेच पसंत करीत. बोटीची स्थिती पाहता त्यांस दोष कसा द्यावा?

हे लोक मांगांजा. आजच्या मलावी देशाच्या दक्षिण भागात त्यांची वस्ती. १८५९ साली लिव्हिंग्स्टनसाहेब तेथे गेले, तेव्हा त्यांस गावोगाव लोखंड गाळण्याची भट्टी, कोळसे पाडणारे आणि लोहार दिसले. कुऱ्हाडी, भाले, सुया, बाणांची टोके, हातांतली व पायांतली कडी, सर्व तेथेच होई. दोन रतलांहून अधिक वजनाची कुदळ सुमारे चार पेन्स किमतीच्या कापडास मिळे. ही स्वस्ताई वाचून आम्ही थक्क झालो. कारण त्या कुदळीमागची मेहनत आमच्या वाचकांस लवकर ध्यानात येईल. आधी योग्य झाडे तोडून कोळसा पाडावयाचा. मग डोंगरातून लोखंडाची माती खणावयाची. मातीची उंच भट्टी बांधून, तळाशी मातीच्या नळ्या बसवून, कोळसा व खनिज एकावर एक भरावयाचे. त्या प्रदेशात अशाही भट्ट्या होत्या की ज्यांस भाता लागत नसे. उंचीमुळे वारा आपोआप आत ओढला जाई आणि आग कित्येक दिवस जळत राही. लोखंड वितळून वाहत नाही. कीट वाहून जाते आणि सच्छिद्र गोळा मागे राहतो. तो गोळा लहान भट्टीत भात्याने पुन्हा तापवून शुद्ध करावयाचा, आणि मग ऐरणीवर घ्यावयाचा. भट्टी ही जणू बाळंतीण होणारी स्त्री, असे मानून गाळणारे लोक त्या दिवसांत बायकोपासून दूर राहत आणि औषधे पुरीत. ती समजूत आम्हास मान्य नाही, तथापि त्या कामाकडे ते किती गांभीर्याने पाहत हे तीवरून कळते. ही विद्या त्या मुलखात इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांपासून चालत आलेली होती.

परंतु भाला करणारा लोहार बंदुकीपुढे टिकला नाही. किनाऱ्याकडून गुलामांचे व्यापारी दारू व बंदुका देत, शेजारच्या जातीस मांगांजांवर घालीत, आणि माणसे विकत घेत. १८६१ च्या जुलैत म्बामे नावाच्या नायकाच्या गावी लिव्हिंग्स्टनसाहेब उतरले असता गुलामांची एक रांग समोरून आली. व्यापाऱ्यांची माणसे साहेबांस पाहताच पळाली, आणि रांग तेथेच राहिली. स्त्रिया व मुले दोरांनी बांधलेली. ते दोर सुऱ्यांनी भराभर कापले गेले. पुरुषांचे सोडविणे कठीण होते. प्रत्येकाची मान सहा-सात फूट लांबीच्या जाड लाकडाच्या बेचक्यात अडकविलेली, आणि गळ्यावरून लोखंडी सळई घालून तिची दोन्ही टोके ठोकून पक्की केलेली. ती सळई कोणा तरी लोहारानेच केली असली पाहिजे, हे आम्ही झाकून ठेवीत नाही. ऐरण कुदळ व बेडी ह्यांत निवड करीत नाही. त्या वेळी बिशप मॅकेन्झी बरोबर होते, आणि त्यांच्या सामानात सुदैवाने एक करवत निघाली. तिने एकेका पुरुषाची मान मोकळी केली. मग स्त्रियांस सांगितले की तुमच्याजवळचे पीठ घ्या आणि स्वतःसाठी व मुलांसाठी रांधा. प्रथम त्यांस ते खरेच वाटेना. खात्री पटल्यावर त्यांनी त्याच बेचक्यांची चूल पेटविली. सुटलेली माणसे ८४ होती, आणि त्यांत चुमा नावाचा याओ जातीचा एक मुलगा होता. त्याचे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे.

मोहीम एकंदरीत फसली. मेरीबाई एप्रिल १८६२ मध्ये शुपांगा येथे तापाने वारल्या. नदीत खडक निघाले, सोबती भांडले; आणि साहेबांचा स्वभाव अशा प्रसंगी तुसडा होई हेही सांगितले पाहिजे. तळ्यावर गुलामांचा व्यापार अडविण्यासाठी त्यांनी पदरचे सुमारे ६,००० पौंड घालून लेडी न्यासा नावाची आगबोट करविली होती. सरकारने मोहीम परत बोलाविल्यावर ती विकणे प्राप्त झाले. जवळपास विकली तर गुलामवाल्यांच्याच हाती जाईल, म्हणून त्यांनी काय केले? मूठभर खलाशी व चुमा आणि वेकोटानी ही दोन मुले घेऊन, अवघ्या १४ टन कोळशावर, स्वतः बोट हाकीत हिंदी महासागर ओलांडला! १८६४ च्या जूनमध्ये, ४५ दिवसांनी, ते मुंबई बंदरात शिरले, तेव्हा एवढी लहान बोट कोठून आली ह्याची कोणास दादही नव्हती. दोन्ही मुलांस डॉ. जॉन विल्सन ह्यांच्या मुंबईतील शाळेत ठेवून ते इंग्लंडास गेले. पुढच्या वर्षी परत येऊन त्यांनी ती बोट २,३०० पौंडांस विकली. आणि ज्या पेढीत ते पैसे गुंतविले ती पेढीही बुडाली.

येथे आपल्या देशाचा संबंध आणखी जवळचा होतो. अरबांच्या गलबतांतून इंग्रजी आरमाराने सोडविलेल्या आफ्रिकन मुलांस नाशिकजवळ शरणपूर येथे चर्च मिशनरी सोसायटीच्या आश्रयगृहात ठेवीत. तेथे त्यांस वाचन-लेखनाबरोबर सुतारकाम व लोहारकाम शिकवीत. म्हणजे लोहारांच्या देशातून चोरलेली मुले गोदावरीकाठी घण मारावयास शिकत होती. ह्यांतील नऊ तरुण लिव्हिंग्स्टनसाहेबांबरोबर जाण्यास तयार झाले. चुमा व वेकोटानीही निघाले, आणि जानेवारी १८६६ मध्ये मुंबई सोडून ही मंडळी झांजिबारास गेली. सर्वच चांगले निघाले असे नाही. काही आळशी, काही भांडखोर, काहींनी वाटेतच साथ सोडली. त्याच वर्षी याओ मुलखात मटाका नावाच्या राजाच्या गावी त्यांपैकी अब्राहाम ह्यास त्याचा मामा भेटला. आई व दोघी बहिणी मागाहून अरबांस विकल्या गेल्या, असे त्यास कळले. मामाने राहण्याचा आग्रह केला. पण जेथे आई नाही, बहीण नाही, तेथे राहून काय करावे, असे म्हणून तो पुढे चालू लागला.

न्यासा तळ्याच्या पश्चिमेस पुन्हा भट्ट्याच भट्ट्या: बाटलीच्या आकाराच्या, सात फूट उंच व तीन फूट रुंद. तेथे साहेबांनी एका लोहाराचे काम बसून पाहिले. घण म्हणजे मोठा दगड, त्याभोवती झाडाची चिवट अंतरसाल गुंडाळून हातासाठी फास ठेवलेले, सांडशी सालीचीच, ऐरण म्हणजे जमिनीत पुरलेला दगड. भाता बकऱ्याच्या दोन कातड्यांचा, तोंडाशी काठ्या बांधलेल्या. प्रत्येक फुंकरीस त्या उघडावयाच्या आणि मिटावयाच्या. एवढ्या सामग्रीवर तो मनुष्य दिवसाकाठी कित्येक कुदळी उतरवी, आणि लोखंड उत्तम. आमच्या गावच्या लोहाराने हे एकवार वाचावे अशी आमची इच्छा आहे. त्यास हसू येणार नाही.

पुढची वर्षे फार हालांची गेली. नाईल नदीच्या उगमाचा शोध हा त्यांचा ध्यास झाला होता, आणि तो शोध चुकीच्या दिशेने चालला होता. कटांग्याचे तांबे अरबांच्या तांड्यांत चाललेले त्यांनी पाहिले. दोन्ही टोकांस आडवी पट्टी असलेल्या कांबी, एकेकीचे वजन ५० ते १०० रतल. त्यांना स्वतःला मात्र अन्नासाठी त्याच अरब व्यापाऱ्यांच्या दयेवर राहावे लागले. ह्या गोष्टीचे त्यांस फार दुःख होई. १५ जुलै १८७१ रोजी न्यांग्वे येथील बाजारात ह्याच व्यापाऱ्यांच्या माणसांनी बाजारास आलेल्या स्त्रियांवर बंदुका झाडल्या. शेकडो मेल्या, कित्येक नदीत बुडाल्या. ते पाहून लिव्हिंग्स्टनसाहेब तेथून निघाले. वाटेत दाट रानात मन्येमा लोकांनी त्यांसही गुलामवाला समजून भाले फेकले. एक भाला पाठीस निसटता घासून जमिनीत रुतला, दुसरा एक फुटावरून गेला. त्या भालेकऱ्यांचा त्यांस राग आला नाही. कोणी कोणाचे काय केले होते हे ते न्यांग्वेस पाहून आले होते.

उजिजी येथे स्टॅन्ली त्यांस भेटले, आणि मागाहून त्यांनी नवी माणसे पाठविली. त्यांत नाशिकचे आणखी तरुण होते. पैकी जेकब वेनराइट हा एक. १ मे १८७३ च्या सुमारास, आजच्या झांबियातील चितांबो राजाच्या गावी, झोपडीत बिछान्याजवळ गुडघे टेकलेल्या स्थितीत साहेब मेलेले आढळले. सुसी व चुमा ह्यांनी ठरविले की देह स्वदेशी पोहोचवावयाचा. हृदय पिठाच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्यात ठेवून म्वुला झाडाखाली पुरले. जेकबने मृतांची उपासना वाचली आणि झाडाच्या बुंध्यावर नाव व दिनांक कोरला. देह मीठ लावून उन्हात वाळविला, कापडात व सालीत गुंडाळला, आणि सुमारे नऊ महिने वाहून फेब्रुवारी १८७४ मध्ये समुद्रकाठी बागामोयोस आणला. लंडनात सिंहाने फोडलेल्या डाव्या दंडावरून ओळख पटली. १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर अॅबीत दफन झाले, त्या वेळी खांदेकऱ्यांत नाशिकचा जेकब होता.

व्यापार वाढला की गुलामगिरी जाईल, असे लिव्हिंग्स्टनसाहेब मानीत. गुलामांचा व्यापार गेला. पण त्याबरोबर युरोपातील स्वस्त कुदळी आल्या, आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शिरेकाठच्या भट्ट्या एकामागून एक विझल्या. लोहार राहिले, ते मोडीच्या लोखंडावर. हे त्यांनी योजिले नव्हते.

चितांबोच्या गावाहून निघताना चुमा व सुसी ह्यांनी राजास एक पत्र्याचा डबा व काही वर्तमानपत्रे खूण म्हणून दिली, आणि झाडाभोवतीचे गवत नेहमी काढून टाकावे, नाही तर वणव्यात ते जळेल, अशी विनंती केली. राजाने कबूल केले. मात्र त्यास एक भीती होती, ती त्याने बोलून दाखविली: म्वुलाचे लाकूड होडीस फार चांगले, तेव्हा कोणी तरी कुऱ्हाड घेऊन येईल; इंग्रजांस पाहावयाचे असेल तर लवकर यावे. झाड तोडले गेले ते १८९९ साली, पोखरले गेल्यामुळे. आणि जेकबने कोरलेल्या अक्षरांचा तुकडा लंडनास नेण्यात आला.